मेटकाफ ठेकेदार

इंग्लंडच्या उत्तरेला, यॉर्कशायरात, बरोब्रिज नावाचं गाव आहे. १७६५ उलटल्यावर तिथे एका लहान पुलाचं काम निघालं. काम घ्यायला गवंडी जमले आणि जसं नेहमी होतं तसं प्रत्येकाचा आकडा वेगळा. सर्वेक्षकाने सुचवलं, मेटकाफला देऊन बघू. जॉन मेटकाफ तेव्हा पन्नाशीला टेकलेला, सहा फुटांहून उंच आणि सहाव्या वर्षापासून पूर्ण आंधळा. पूल त्याने आयुष्यात बांधलेला नव्हता. तुला यातलं काय कळतं, असं विचारल्यावर त्याने उभ्या उभ्या तोंडी हिशोब मांडला. कमानीचा गाळा १८ फूट, अर्धवर्तुळ म्हणून २७. दगड एक फूट जाडीचे, म्हणजे ४८६. बुडाचे आणखी ७२. मागच्या भरावाला चांगला दगड लागेल, तो ऑल्डबरोच्या जुन्या रोमन भिंतीत आहे. काम त्याला मिळालं.

मी हा हिशोब तपासून पाहिला, जन्माची खोड. १८ फूट व्यासाचं अर्धवर्तुळ खरं तर २८ फुटांच्या थोडं वर भरतं. त्याने सरळ दीडपट धरली, तोंडी हिशोबाला सोयीची. २७ ला १८ ने गुणलं की ४८६ येतात, म्हणजे पुलाची रुंदीही त्याने १८ धरली असणार. ढोबळ आहे, पण ज्याला उद्या सकाळी दगडाच्या गाड्या सांगायच्या आहेत त्याला पुरतं. मी धुळे जिल्ह्यात रस्त्यांच्या कामावर हयात काढली. आमच्या अंदाजपत्रकांत दशांश चिन्हापुढे दोन-दोन आकडे असायचे आणि काम संपेपर्यंत खर्च भलत्याच गावाला पोचलेला असायचा.

मेटकाफची गोष्ट आपल्याकडे कशी सांगितली जाईल ते मला ठाऊक आहे. स्नेहसंमेलनाचे प्रमुख पाहुणे माईक हातात घेऊन "डोळे नसतानाही" पासून सुरू करतील आणि "मग आपल्याला काय अडचण आहे?" इथे संपवतील. मुलं टाळ्या वाजवतील. त्याने रस्त्याखाली काय घातलं, पाणी कुठे काढलं, तोटा कुणी सोसला, यातलं काहीही त्यात येणार नाही. मला मेटकाफचं कौतुक आहे ते तो ठेकेदार होता म्हणून. आमच्या भागात हा शब्द उच्चारताच लोक कसे हसतात ते माहीत असूनही मी हे म्हणतो आहे.

जन्म १७१७ चा, नेर्सबरो गावात, गरिबाघरी. सहाव्या वर्षी देवी आल्या आणि दृष्टी गेली. पण पोरगं घरात बसलं नाही. झाडांवर चढायचं, नदीत सूर मारायचं, गावातल्या गल्ल्या आणि मग आसपासची रानं पायांनी पाठ करायचं. व्हायोलिन शिकला आणि पंधराव्या वर्षी हॅरोगेटला, जिथे श्रीमंत मंडळी औषधी झऱ्यांचं पाणी प्यायला यायची, तिथे वाजवू लागला. घोड्यांचा नाद होता. गोलाकार मैदानावरच्या एका शर्यतीत त्याने प्रत्येक खांबापाशी एकेक माणूस घंटा देऊन उभा केला आणि घंटांच्या आवाजावर घोडा वळवत पैज जिंकली. आमच्या सारंगखेड्याच्या घोडेबाजारात हा गडी सहज खपला असता. घोड्याच्या पायावरून हात फिरवून किंमत करणारे व्यापारी यात्रेत असतातच, आणि तेही डोळ्यांवर फारसा भरवसा ठेवत नाहीत.

खाणावळवाल्याची मुलगी डॉरोथी बेन्सन हिला त्याने तिच्या लग्नाच्या आदल्या रात्री पळवून नेलं. १७४५ च्या बंडाळीत फौजेबरोबर वाजंत्री म्हणून स्कॉटलंडातल्या कलोडनच्या लढाईपर्यंत जाऊन आला. हे सगळं रंगवून सांगण्यासारखं आहे, पण मला घाई आहे ती रस्त्यावर यायची. एक किस्सा मात्र सोडवत नाही. लंडनहून हॅरोगेटला निघालेल्या एका कर्नलने त्याला आपल्या बग्गीत बसायला सांगितलं. मेटकाफ म्हणाला, नको, मी चालत येतो. दोनशे मैलांहून जास्त अंतर. आणि तो कर्नलच्या आधी पोचला. लोक यात मेटकाफचे पाय बघतात. मला त्यात त्या काळचे रस्ते दिसतात. बग्गी रुतायची, आस मोडायचा, घोडे बदलेपर्यंत मुक्काम पडायचा.

१७५४ च्या सुमाराला त्याने यॉर्क आणि नेर्सबरोच्या दरम्यान मालाची आणि उतारूंची गाडी सुरू केली. उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा, हिवाळ्यात एकदा, आणि लगाम स्वतःच्या हातात. त्याच्यातला अभियंता इथे घडला असं माझं मत आहे. रस्ता बांधण्याआधी दहा-अकरा वर्षं हा माणूस खराब रस्त्याची किंमत आपल्या खिशातून भरत होता. कुठल्या उतारावर चाक घसरतं, कुठल्या सखल जागी पाऊस थांबून आठवडा झाला तरी पाणी उभं असतं, चाकोरी कुठे गुडघाभर खोल जाते, हे त्याला बुडाखालच्या फळीतून कळत होतं. आमच्यातले बहुतेक जण रस्त्यावर जीपमधून गेले, आणि तेही तपासणीला.

तिकडची व्यवस्थाही समजून घेण्यासारखी आहे. १५५५ च्या कायद्याने प्रत्येक गावातल्या माणसांनी वर्षातले चार दिवस, पुढे सहा, रस्त्यावर फुकट राबायचं असा नियम होता. आपल्या वेठीची मावसबहीण. वेठीने होतं तसंच काम व्हायचं: खड्ड्यात माती, मातीवर पाऊस. अठराव्या शतकात मग संसदेकडून एकेका रस्त्यासाठी कायदा करून घ्यायची पद्धत वाढली. स्थानिक प्रतिष्ठितांचं विश्वस्त मंडळ नेमायचं, कर्ज काढायचं, रस्ता करायचा आणि नाका बसवून टोल घ्यायचा. सोनगीरच्या नाक्यावर टोलच्या नावाने कडाकडा बोटं मोडणाऱ्या आमच्या मंडळींना सांगायला हवं, हे दुखणं फार जुनं आहे; इंग्लंडात लोकांनी नाके जाळलेही आहेत. हॅरोगेट ते बरोब्रिज रस्त्याचा असा कायदा १७६५ ला झाला आणि त्यातला मिनस्किप ते फेरेन्सबी हा तीन मैलांचा तुकडा मेटकाफने मागून घेतला.

त्या तीन मैलांचं काम त्याने कसं उभं केलं ते वाचताना मी खुर्चीत सरसावून बसलो. लागणारी सगळी खडीमिश्रित रेती एकाच खाणीतून यायची होती. त्याने खाणीवरच फळ्यांची खोपटी उभारली, डझनभर घोडे तिथे नेऊन त्यांच्या गव्हाणी बसवल्या, मजुरांना राहायला जवळच घर भाड्याने घेतलं. आणि स्वतः नेर्सबरोहून खांद्यावर पंचवीस-तीस किलो पीठ घेऊन चालत निघायचा, सकाळी सहाला माणसांत हजर. ज्याने कधी कामावर मजूर उतरवले आहेत त्याला यातली मेख कळेल. वाहतुकीचा फेरा कमी, माणूस आणि जनावर कामाच्या तोंडाशी, आणि पोटाची सोय मालकाच्या डोक्यावर. काम अपेक्षेपेक्षा लवकर संपलं. यात चमत्कार कुठलाच नव्हता.

चमत्कारासारखी गोष्ट पुढच्या कामावर घडली. नेर्सबरो आणि हॅरोगेटच्या दरम्यान गवताळ माळावरून चालताना तो एके ठिकाणी थांबला आणि माणसांना म्हणाला, इथली जमीन बाजूच्या जमिनीसारखी नाही, खणा. खणलं तर खाली जुन्या काळची फरसबंदी वाट निघाली, आणि तिचे दगड नव्या रस्त्याला वापरता आले.

याला मी चमत्कार म्हणत नाही, कारण मी नानांबरोबर काम केलं आहे. नाना आमचे मुकादम. मैलकुली, म्हणजे रस्त्याच्या डागडुजीचे मजूर, म्हणून लागले, हजेरी घेता घेता मुकादम झाले, आणि सही करण्यापुरतं अक्षर त्यांनी मस्टरवरच गिरवलं. नव्या आखणीवर गेलो की मी नकाशा उघडायचो आणि नाना पहार घ्यायचे. पहार जमिनीत मारायची आणि उपसताना हाताला किती ओढ लागते ते बघायचं. वरून सारखीच दिसणारी, मेच्या उन्हात तडकलेली जमीन. एखाद्या ठिकाणी पहार मारून नाना म्हणायचे, "साहेब, आठे पाणी दडेल शे." पावसाळ्यात नेमकं तिथे तळं. पहारीचं टोक आणि मेटकाफची लांब काठी यांत मला फरक वाटत नाही. डोळ्यांना वरची साय दिसते, फसवणूक तिथेच होते.

आमच्याकडे ती फसवणूक जास्तच. तापीच्या खोऱ्यातली काळी माती कापसाला हवी तशी, रस्त्याला नको तशी. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. पाणी प्यायलं की फुगतं, वाळलं की आक्रसतं. मे महिन्यात भेगेत काठी सोडली तर हातभर आत जाते, आणि ऑगस्टात तीच जमीन पायातली चप्पल काढून घेते. वाळलेली असताना तिच्यावर रोलर नाचवा, काही होत नाही. भिजली की तिची भार पेलण्याची ताकद, ज्याला आम्ही सीबीआर म्हणतो, दोन-तीन टक्क्यांवर येते. शिवाय रस्त्याखालची माती एकदम भिजत नाही. मधला भाग डांबराखाली कोरडा राहतो, कडा आधी भिजतात, फुगतात, दिवाळीनंतर वाळून खचतात. म्हणून आमचे रस्ते मधून न फुटता कडेने लांबलचक फाटतात. त्या फटीतून पुढच्या पावसाचं पाणी आत शिरतं, आणि मग वर्तमानपत्रात खड्ड्यांचा फोटो येतो. ट्रकला सगळे शिव्या देतात. साइडपट्टीवर साचलेल्या पाण्याचा फोटो कुणी काढत नाही.

नानांचं यावर एकच म्हणणं असे: "पाणीले वाट द्या, मंग गाडीले." मेटकाफचं तंत्र नीट बघितलं तर तेही एवढंच आहे. पाया मजबूत, पृष्ठभाग कासवाच्या पाठीसारखा मधे फुगीर, दोन्ही बाजूंना खोल गटारं. आज हे कुठल्याही पदविकेच्या मुलाला येतं. पण मेटकाफने काम सुरू केलं तेव्हा मॅकॅडम नऊ वर्षांचा होता आणि टेलफर्ड आठ. रस्ते बांधणीची जी दोन मोठी नावं आम्ही पाठ केली, ती पोरं तेव्हा पाटी घेऊन बसलेली.

आता त्याचं सगळ्यात अवघड काम. हडर्सफील्डच्या वरच्या डोंगराळ माळावरून, मार्सडेनच्या बाजूने, रस्ता न्यायचा होता आणि वाटेत दलदल होती. तिकडची दलदल म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा हजारो वर्षांचा थर, ज्यावर उभं राहिलं तर जमीन हलते. विश्वस्तांचं म्हणणं, हा थर खणून काढायचा आणि खालच्या पक्क्या जमिनीवर रस्ता बसवायचा. मेटकाफला ते पटेना. खणत गेलं की खर्च आणि खड्डा दोन्ही वाढत जाणार. तो म्हणाला, मला माझ्या पद्धतीने करू द्या. ती फसली तर तुम्ही म्हणाल त्या पद्धतीने तो तुकडा पुन्हा करून देईन, माझ्या खर्चाने.

मग त्याने माणसांकडून हेदर नावाचं तिथलं झुडूप कापून घेतलं. त्याच्या मुठीत मावतील एवढ्या पेंढ्या बांधल्या. एक थर रस्त्याच्या दिशेने, दुसरा त्यावर आडवा, आणि ते दाबून बसवलं. वर रुंद चाकांच्या गाड्यांनी दगड आणि रेती. पहिली गाडी रिकामी होऊन घोडे सुखरूप परतले तेव्हा जमलेल्या बघ्यांनी आरोळ्या ठोकल्या. रस्ता तराफ्यावर तरंगत होता. त्या तुकड्याला पुढची १२ वर्षं दुरुस्ती लागली नाही म्हणतात. अर्ध्या शतकाहून जास्त काळानंतर जॉर्ज स्टीफन्सनने लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वेचे रूळ चॅट मॉसच्या दलदलीवरून नेले ते अशाच झुडपांच्या गाद्यांवर. ती रेल्वे १८३० ला सुरू झाली आणि जगभर गाजली. पेंढ्यांच्या मूळ मालकाला मरून तेव्हा २० वर्षं झाली होती.

हे वाचून कुणाला वाटेल, मग आपल्या शेतरस्त्यांवर पऱ्हाट्या अंथरतो तेच की हे. गाडवाटेतल्या चिखलात पऱ्हाट्या-तुराट्या टाकायची आमच्या शेतकऱ्यांची रीत आहे खरी. एक पावसाळा निघतो. पण मेटकाफची युक्ती तशीच्या तशी इथे चालणार नाही, आणि त्याचं कारण मला फार आवडतं. तिकडची दलदल बारमाही ओली. पाण्याखाली हवा पोचत नाही, म्हणून काडी कुजत नाही. आमची जमीन चार महिने ओली, आठ महिने कोरडी. तिच्यात घातलेली काडी पहिल्या दिवाळीपर्यंत वाळवी खाऊन मोकळी होते. आमच्याकडे मुरमाचा जाड थर, नाहीतर चुना मिसळून माती शांत करणं, हल्ली जिओटेक्स्टाइलचं कापड. कापडाचं काम मात्र पेंढ्यांच्या जवळचं: खालची माती खाली, वरचा दगड वर, आणि भार पसरलेला. उत्तर उचलून आणता येत नाही. जमिनीला प्रश्न विचारायची पद्धत आणता येते.

आमच्या जिल्ह्याने असा प्रश्न आणखी एका मोठ्या माणसाला विचारला आहे. विश्वेश्वरय्या १८८४ ला मुंबई इलाख्याच्या नोकरीत आले ते नाशिक-खानदेशकडे, आणि पहिल्या कामांपैकी एक होतं दातर्तीजवळ पाण्यासाठी नळाचा सायफन टाकण्याचं. पाऊस सुरू, ओढ्याला पूर, आणि त्यांना हिवताप. काम पुढे ढकलावं असं त्यांनी कळवलं तर वरिष्ठांना ती शिस्तीची कमतरता वाटली. मग त्यांनी ते पुरं करून दाखवलं. त्यांच्या नावाचा दिवस आम्ही दर १५ सप्टेंबरला हारतुऱ्यांनी साजरा करतो. दातर्तीचा उल्लेख मी कुठल्या भाषणात ऐकलेला नाही.

मेटकाफच्या बाबतीत एक रुखरुख राहते. मँचेस्टरच्या जॉर्ज ब्यू नावाच्या गृहस्थाने अंधत्वावर निबंध लिहिला, त्यात त्याच्याबद्दल आहे. हा माणूस फक्त एक लांब काठी घेऊन चढ चढतो, दऱ्या तपासतो, रस्त्याची आखणी करतो. आणि त्याचे आराखडे, त्याचे अंदाज हे त्याच्या स्वतःच्या रीतीने केलेले असतात, दुसऱ्याला समजावून सांगता येत नाहीत. इथेच त्याचं घोडं अडलं. यॉर्कशायर, लँकशायर, चेशायर, डर्बीशायर मिळून सुमारे १८० मैल रस्ते, म्हणजे पावणेतीनशे किलोमीटरच्या वर, शिवाय पूल आणि रस्त्याखालून पाणी काढून देणाऱ्या मोऱ्या. एका वेळी चारशेपर्यंत माणसं हाताखाली. पण शिष्य एकही नाही. मॅकॅडमने लिहिलं, म्हणून रस्त्याला त्याचं नाव लागलं. नानांचंही तेच. नाना निवृत्त झाले, त्यांच्या जागी माणूस आला नाही, आणि पहार स्टोअरला जमा झाली.

शेवटच्या काळात त्याला तोटाही झाला. लँकशायरात हॅस्लिंग्डन ते ॲक्रिंग्टनचा रस्ता त्याने साडेतीन हजार पौंडांना घेतला. त्याच वेळी आसपास कालवे खणायची धूम, त्यामुळे मजुरीचे दर चढले. त्यात पाऊस लागून राहिला. काम त्याने पुरं केलं आणि हिशोब मिटवला तेव्हा ४० पौंड पदरचे गेले. आमच्या ठेकेदारांना हे वेगळं सांगावं लागणार नाही. इथली माणसं सुरतेला निघून गेली की मुकादमाला तांड्यातांड्यावर फिरावं लागतं आणि निविदेतला दर मात्र गेल्या सालचाच. १७९२ ला त्याने धंदा आवरला आणि स्पॉफर्थला लेकीकडे शेतावर राहायला गेला. तिथे गवताच्या गंज्या आणि उभं लाकूड घ्यायचा-विकायचा. हातांच्या कवेने गंजी मोजायची आणि मनात गुणाकार. १७९५ ला त्याने आपलं चरित्र सांगून लिहून घेतलं, छापलं. १८१० च्या एप्रिलात गेला, ९२ वर्षांचा होऊन.

माझा भाचा ठेकेदार आहे. शिंदखेडा तालुक्यात एका गावरस्त्याचं काम त्याच्याकडे आहे. आमच्या रस्त्यांच्या तोंडाशी हल्ली फलक असतो: कामाचं नाव, किंमत, ठेकेदाराचं नाव आणि 'दोषदायित्व कालावधी ५ वर्षे'. म्हणजे पाच वर्षांत जे बिघडेल ते ठेकेदाराने पदरचं घालून नीट करायचं. मेटकाफ दलदलीच्या काठावर तोंडाने जे बोलला तेच, पण कागदावर.

भाच्याचा रस्ता मी पाहून आलो. नाल्याच्या वळणाआधी एक सखल जागा आहे आणि तिथे मोरी नाही.

"अंदाजपत्रकातच नाही मामा."

"पाणी अंदाजपत्रक वाचून येणार आहे का?"

"मग पैसे कोण देईल?"

मी त्याला मेटकाफ सांगितला. पेंढ्या, तराफा, हमी, बारा वर्षं, सगळं. त्याने चहा संपेपर्यंत नीट ऐकून घेतलं; पोरगा गुणी आहे.

"तुमच्या त्या मेटकाफने हे लेखी दिलं होतं का?"

"नाही. बोलला होता."

"आणि मोजमाप पुस्तकात काय चढवलं? पेंढ्यांना कुठला दर लावला? दरसूचीत असतील का पेंढ्या?"

याचं उत्तर मला देता आलं नाही. दोंडाईच्याला पाइपवाल्याच्या दुकानी दुसऱ्या कामाने गेलो होतो, तेव्हा तो म्हणाला, तुमचा भाचा ९०० मिमीच्या ह्यूम पाइपचा, मोरीला घालतात त्या सिमेंटच्या नळाचा, भाव विचारून गेला. घेतले नाहीत अजून.